पलिनोव्कातली अर्धी छत्री

१८ मे, पलिनोव्का

छत्री अर्धीच सापडली.

दिवसभर हे एकच वाक्य मी गावभर सांगत हिंडले आणि प्रत्येकानं ते ऐकून हळहळ केली. इथल्या सामुदायिक शेतीचे अध्यक्ष पोर्फिरी साव्विच यांनी तर टोपी काढली. त्यांचा डावा हात युद्धात गेलेला, बाही पट्ट्यात खोचलेली. उजव्या हातानं टोपी छातीशी धरून ते उभे राहिले, जणू कुणी माणूस गेलं. इतके सहृदय लोक मी मॉस्कोत पाहिले नाहीत.

क्रमानं लिहायला हवं. (खरं तर लिहायलाच नको. पण वही माझ्याजवळच असते, आणि कुणाशी तरी बोलल्याशिवाय माझं डोकं चालत नाही.) आमचा कारखाना हवाई छत्र्या, म्हणजे पॅराशूट, करतो. सध्या जी करतोय ती आकाशयानासाठी आहे. यान म्हणजे एक भला मोठा लोखंडी गोळा. अवकाशातून माणसं त्यात बसून परत येणार, आणि शेवटी त्यांचा सगळा भरवसा आमच्या कापडावर. परवा चाचणी होती. गोळ्यात वाळूची पोती आणि रबरी बाहुले बसवून तो विमानातून सोडला. वाऱ्यानं त्याला मैदानाबाहेर, व्होल्गापलीकडच्या या माळावर आणून टाकलं. शोधपथक पोचेपर्यंत एक रात्र गेली. गोळा गव्हाच्या शेतात धडधाकट सापडला, पण छत्रीचा निम्मा भाग कातरीनं कापून नेलेला.

आता खरी अडचण. उरलेल्या अर्ध्यात एक फाट आहे. छत्रीच्या कळसाजवळून सुरू होते आणि जिथे कापलंय तिथे संपते. म्हणजे पुढची फाट त्या नसलेल्या अर्ध्यात. फाट जमिनीवर फरफटताना पडली असेल तर काळजी नाही. हवेत पडली असेल तर सगळंच थांबवायला हवं. आमच्या मुख्य अभियंत्यांनी, कोन्स्तान्तिन आल्बेर्तोविच यांनी, मला एकटीला पाठवलं. पहिल्यांदाच. म्हणाले, "रिम्मा दाविदोव्ना, तुम्ही कडक आहात, तुम्हालाच जमेल."

गावात सांगायचं ते ठरलेलं आहे : हवामान खात्याचं उपकरण पडलं. अध्यक्षांना मी तसंच सांगितलं. ते म्हणाले, "हो हो, हवामान. आमच्याकडे हवामान फार पडतं."

भोळा माणूस आहे.

१९ मे

मी अनफिसा गोर्देयेव्ना नावाच्या विधवा बाईंकडे उतरले आहे. सगळं गाव त्यांना अनफिसा मावशी म्हणतं, म्हणून मीही. जेवायला चुक्याचं सार, राईची भाकरी आणि वर मलईचा गोळा. चुलीवर आणखी एक मोठं पातेलं होतं, त्यात कांद्याच्या साली उकळत होत्या. ईस्टरची अंडी रंगवायला इकडे हेच वापरतात हे मला ठाऊक आहे. ईस्टर केव्हाच होऊन गेला, असं मी म्हणाले. मावशी म्हणाल्या, "आमच्याकडे सगळंच उशिरा पोचतं, पोरी."

घरोघर जाऊन चौकशी केली. माझ्यासोबत आमचे चालक, सार्जंट साबित. पन्नाशीचे कझाख गृहस्थ, झुपकेदार मिशा, युद्धात रणगाडा चालवलेला. कामाच्या बाबतीत आळशी. प्रत्येक घरात मी प्रश्न विचारायचे आणि ते खायचे.

कुणी काही पाहिलेलं नाही. वारा होता, अंधार होता, कुत्री भुंकत होती, एवढंच.

दोन निरीक्षणं, कामाशी संबंध नसलेली. एक : हे गाव विलक्षण उद्योगी आहे. प्रत्येक घरातून शिवणयंत्राचा खडखडाट, आणि मी दार वाजवलं की थांबतो. पाहुण्याचा मान राखायची ही रीत मला आवडली. दोन : निम्म्या बायकांच्या अंगात एकाच तपकिरी-पिवळ्या रंगाचे घागरे, डोक्याला त्याच रंगाचे रुमाल. दुकानात एकाच रंगाचा तागा आला असणार. हा नियोजनाचा दोष आहे, वर कळवायला हवा. खळही फार कडक घालतात. चालताना सळसळ होते.

२१ मे

आज एक संशयित सापडला.

येगोर लुकिच, इथला शेतकी अधिकारी. तिशीचा, उंच, कान उन्हानं सोललेले. सकाळी मोटरसायकल घेऊन मावशींच्या दारात हजर. म्हणाला, गोळा फरफटत गेला ती वाट दाखवतो. मी विचारलं, तुम्हाला कशी माहीत? म्हणाला, गहू माझा आहे, मला नाही तर कुणाला माहीत असणार.

मोटरसायकलला जोडलेल्या डब्यात बसवून त्यानं मला शेतात नेलं. सगळ्या वाटेच्या दोन्ही कडांना त्यानं खुंट्या ठोकून दोरी बांधली होती, ट्रॅक्टर आत जाऊ नये म्हणून. असं का केलंत, विचारलं, तर म्हणाला, "कुणीतरी बघायला येईल असं वाटलं." गुन्हेगार माणूसच इतकी तयारी ठेवतो.

पण वाट बघून मी विचारात पडले. सगळा कोवळा गहू. दगड नाही, काटेरी झुडूप नाही, कुंपणाची तार नाही. छत्री फाटावी असं जमिनीवर काहीच नाही.

परत सोडताना त्यानं मी कुठल्या खिडकीच्या खोलीत झोपते ते विचारलं, आणि संध्याकाळी त्या खिडकीत मुळ्यांची जुडी आणि मधाची बरणी आली. ही लाच आहे. मध सार्जंटांना दिला. ते म्हणाले, "बाई, हा मध माझ्यासाठी नाही." मी म्हटलं, माझ्यासाठीही नाही.

२३ मे

काही हाती लागत नाही. गुरांच्या गोठ्यात, गवताच्या गंज्यांत, विहिरीच्या घरात शोधलं. येगोर लुकिच प्रत्येक ठिकाणी भेटतो. गोठ्यात म्हणे वैरण तपासायला. विहिरीवर म्हणे पाण्याची पातळी बघायला. शेतकी अधिकाऱ्याला स्वतःची शेतं नाहीत का?

२४ मे

डाकघरातून मॉस्कोशी बोलले. तार खरखरत होती, म्हणून कोन्स्तान्तिन आल्बेर्तोविच तुटक तुटक बोलत होते, पण समजायचं ते समजलं. एक जूनला तपासणी मंडळ इथे येतंय. तोवर दुसरा अर्धा मिळाला नाही तर मंडळ ठरवणार की फाट जमिनीवर पडली.

मी म्हणाले, पण जमिनीवर तसं काहीच नाही.

ते म्हणाले, "उत्तर नसलं की लोक सोयीचं उत्तर धरतात. उड्डाणाची तारीख ठरलेली आहे. ती बदलायला मला कापड हवं, शंका नको."

डाकघराच्या पायरीवर बराच वेळ बसून राहिले. रबरी बाहुल्यांच्या जागी बसणाऱ्यांपैकी दोघांना मी पाहिलंय. कारखान्यात आले होते. एकानं शिवण खोलीतल्या सगळ्या बायकांशी हस्तांदोलन केलं आणि माझ्याशी करताना विचारलं, "हे टिकेल ना?" मी म्हणाले होते, टिकेल.

कडक असणं आणि हुशार असणं वेगळं, हे मला आज कळतंय.

२५ मे

आता काय लिहू.

आज सकाळी अनफिसा मावशींनी कागदात गुंडाळलेलं काहीतरी माझ्या हातात दिलं. म्हणाल्या, "आल्यापासून एकच सदरा धुतेस नि घालतेस. तरण्या बायका-पोरी अशा राहत नाहीत. घे, मापानं शिवलाय, डोळ्यांनी घेतलं माप." तपकिरी-पिवळा झंपर, गोल गळा, पुढे सहा बटणं. मला कुणी काही शिवून दिलं त्याला आई गेल्यापासून किती वर्षं झाली. मी मावशींना मिठी मारली आणि आत जाऊन घातला.

अंगाला नेमका बसला. सळसळला.

तो आवाज मी रोज ऐकते. आठ वर्षं ऐकतेय. कारखान्यात कापडाचे तागे उलगडतात तेव्हा तोच आवाज. सात दिवस हा आवाज माझ्या भोवती रुमाल-घागऱ्यांतून चालत होता आणि मी खळ, खळ म्हणत बसले. झंपर काढून आतली बाजू बघितली. गळ्याच्या पट्टीखाली आमचा शिक्का आणि पट्टीचा क्रमांक. कांद्याच्या सालीनं शाई पुसली गेलेली नाही. आमची शाई चांगली आहे.

पलंगावर बसून मी हसत सुटले. मग रडले. मावशींनी दारातून विचारलं, बगलेत घट्ट होतो का? मी म्हटलं, नाही, अगदी बरोबर आहे.

२६ मे

कायद्यानं मी आजच तालुक्याच्या पोलिसांना कळवायला हवं होतं. सरकारी मालाची चोरी, तीही अशा मालाची. फोनपर्यंत गेले आणि परत आले.

मावशींना सरळ विचारलं. त्या बटाटे सोलत होत्या, सोलतच राहिल्या. म्हणाल्या, युद्धानंतरच्या दुष्काळात त्यांच्या धाकट्या बहिणीनं कापणी झालेल्या शेतातली कणसं वेचली, ओटीत मावतील एवढी. तिला सात वर्षांची शिक्षा झाली. परत आली ती ओळखू न येणारी, आणि फार दिवस टिकली नाही.

"कापड शेतात पडलेलं दिसलं, तेव्हा बायकांनी विचार नाही केला. दहा वर्षं दुकानात असलं कापड आलेलं नाही. सकाळी तुमची माणसं आली, तेव्हा विचार केला. मग रंगवलं. आता सांग, कोण पुढे येईल?"

मी विचारलं, मग मला झंपर का दिलात? मला कळलं असतं की.

"आठवडाभरात नाही कळलं," मावशी म्हणाल्या, "म्हटलं हिला कळणार नाही. आणि तुझे खांदे दिसत होते त्या सदऱ्यातून. ते बघवत नव्हतं."

२७ मे

दुपारी अध्यक्षांना सांगून सगळ्यांना गावाच्या सभागृहात बोलावलं. मी झंपर घालून गेले. मुद्दामच. दारातून आत येणारी प्रत्येक बाई मला बघायची आणि जागच्या जागी थबकायची. मागच्या बाकावर येगोर लुकिच होता, टोपी पिळत.

मला भाषण येत नाही. मी म्हणाले, पोलिसांना कळवलेलं नाही आणि कळवणार नाही. कुणाचं नाव विचारणार नाही. आणि ते हवामानाचं उपकरण नाही.

अध्यक्ष म्हणाले, "अरेरे, आम्हाला वाटलं हवामानच." कुणी हसलं नाही.

मग मी जे सांगायची परवानगी नाही ते सांगितलं. "त्यात माणसं बसणार आहेत. आकाशातून खाली येताना त्यांच्या डोक्यावर हेच कापड असणार. एक फाट आहे. ती कशी पडली ते तुमच्याकडच्या तुकड्यांवर लिहिलंय आणि ते फक्त मला वाचता येतं. नाही वाचलं, तर तसंच पाठवतील त्यांना."

बाहेर कोंबड्या. शेवटी मावशी उठल्या.

"किती जण?"

ते सांगता येत नाही, मी म्हणाले.

"लेकुरवाळे आहेत?"

हो म्हणाले.

मावशींनी डोक्याचा रुमाल सोडला, घडी केली आणि माझ्या समोरच्या टेबलावर ठेवला. त्यांचे केस सगळे पांढरे आहेत हे मला तोवर माहीत नव्हतं. मग दुसरी बाई उठली, मग तिसरी. मग अध्यक्षांनी कोटाचं बटण काढून आतलं अस्तर दाखवलं आणि म्हणाले की हे उसवायला एका हातानं जमत नाही, कुणीतरी मदत करा. तेव्हा सगळे हसले.

२८ मे

सकाळपासून सभागृहाच्या दारात रांग. घागरे, रुमाल, उशांचे अभ्रे, टोमॅटोच्या रोपांवरचं आच्छादन, एका बाळाचं अंगडं (सरकारी बाईसमोर आई घाईनं म्हणाली, बाप्तिस्म्याचं नाही हं, असंच अंगडं), मधमाश्यांच्या पेटीपुढे घालायचा बुरखा. सार्जंट साबित सगळ्यांच्या शेवटी आले आणि खिशातून तंबाखूची पिशवी काढून ठेवली. मी त्यांच्याकडे बघत राहिले.

"पहिल्याच दिवशी दिली इथल्या एका बाईंनी," ते म्हणाले. "नाही कसं म्हणणार? पाहुणचार होता."

मी विचारलं, मला का नाही सांगितलंत? म्हणाले, "तुम्ही मला विचारलंच नाही. तुम्ही गावाला विचारत होता."

दिवसभर बायका जमिनीवर बसून उसवत होत्या. उसवता उसवता गाणी म्हणत होत्या, बहुतेक चावट, मी आले की शब्द बदलायच्या. मी क्रमांक बघून तुकडे मांडत गेले. सभागृहाच्या फरशीवर हळूहळू एक छत्री उलगडत गेली, पांढऱ्या अर्ध्याला तपकिरी अर्धा, त्यात बाह्यांची भोकं, चुण्या, एका ठिकाणी भरतकामातला कोंबडा.

येगोर लुकिच सगळे बाक उचलून बाहेर नेत होता. मी त्याला सांगितलं की माझा तुमच्यावर संशय होता. तो लाल झाला आणि म्हणाला, "कशाचा?" छत्रीचा, मी म्हणाले. तो म्हणाला, "अच्छा, छत्रीचा." आणि आणखी दोन बाक एकदम उचलले. त्याला वाईट वाटलेलं दिसलं.

संध्याकाळी सगळं लागलं, एक सोडून. फाट ज्या पट्टीत शिरते नेमकी तीच नाही. कुणाकडे आहे, विचारलं. सगळ्याजणी एकदम दोरे वेचायला लागल्या.

२९ मे

न्यूरा. मावशींची भाची, वय एकोणीस, दूध डेरीत काम करते. उद्या तिचं लग्न.

ती आपण होऊन आली नाही, मी तिच्याकडे गेले. दारात उभी राहून म्हणाली, "सगळ्यांनी दिलं, मी देणार नाही. माझ्या आईचं लग्न युद्धात झालं, सैनिकी डगला घालून. मी डगल्यात लग्न करणार नाही." डोळे सुजलेले होते.

मी म्हणाले, मला फक्त बघू दे.

पेटीतून तिनं लग्नाचा झगा काढला. पांढरा शुभ्र, न रंगवलेला, घोट्यापर्यंत लांब, छातीवर बारीक चुण्या. कारखान्यात आम्ही त्या कापडाला किती ताण सोसेल एवढंच बघतो. ते असं दिसू शकतं हे मला कधी सुचलं नव्हतं. मी तिला तो घालून स्टुलावर उभं राहायला सांगितलं आणि भिंग घेऊन तिच्याभोवती गुडघ्यांवर रांगू लागले. तेवढ्यात तिचा नवरा होऊ घातलेला मुलगा आला, शेजारच्या गावचा, मित्या. लग्नाआधी कपडे बघायचे नसतात म्हणून न्यूरा ओरडली, आणि तो दाराआडून विचारत राहिला की ती बाई तिथे जमिनीवर काय करतेय. "हवामान बघतेय," न्यूरा म्हणाली.

खालच्या घडीत सापडलं. शिवताना फाटकी कड आत मुडपून टाकलेली. घडी उलटली. कडेला सगळीकडे बारीक कडक मणी, काचेसारखे. आमचं कापड जमिनीवर फाटलं तर कड पिंजारते. दोरी त्यावरून जोरात घासत गेली तरच ते वितळून असे मणी होतात, आणि इतका वेग हवेतच असतो. छत्री उघडताना एक दोरी कापडावरून ओढली गेली होती. माणसं बसली असती तरी ओढली गेली असती.

मी तशीच जमिनीवर बसले. न्यूरानं वरून विचारलं, "वाईट आहे?"

आता कळलं म्हणून चांगलं आहे, मी म्हणाले. पण ही कड मला लागेल. पेहराव नाही, फक्त खालची पट्टी. मंडळ सोमवारी येतंय. लग्नानंतर दिलीस तरी चालेल, पण त्यावर दारू सांडली, कुणाचा पाय पडला तर —

ती खूप वेळ आरशात बघत उभी राहिली. मग म्हणाली, "शहरात आता आखूड घालतात ना?"

मी आयुष्यात कामाच्या बाबतीत खोटं बोलले नाही, कपड्यांच्या बाबतीत मला काही माहीत नाही. मी म्हणाले, "मॉस्कोत सगळ्या नवऱ्या गुडघ्यापर्यंतच घालतात."

"शपथ?"

"शपथ."

तिनं कातर मागितली आणि स्वतःच्या हातानं कापली. सरळ, एकाच दमात. मी पट्टी दोन पांढऱ्या कागदांमध्ये ठेवली.

३० मे

लग्न झालं. न्यूराचे गुडघे सगळ्या गावानं पाहिले. म्हाताऱ्या बायांनी आधी तोंडावर हात घेतले, मग एकजण म्हणाली की मॉस्कोत असंच असतं, इंजिनिअर बाईंनी शपथ घेतलीय, आणि संध्याकाळपर्यंत दोन पोरींनी आपापल्या आयांकडे कातर मागितली. मित्या दिवसभर बायकोकडे बघत होता, त्याला तक्रार दिसली नाही.

येगोर लुकिचनं मला नाचायला बोलावलं. मला येत नाही, मी म्हणाले. त्यालाही येत नव्हतं. आम्ही कुंपणाशी उभे राहून खारवलेली मासळी खात होतो आणि त्यानं मला गव्हावरच्या तांबेरा रोगाबद्दल सगळं सांगितलं. रोचक विषय आहे. मग त्यानं विचारलं, मी परत कधी येणार. मी म्हटलं, काम संपलं, आता कशाला येईन? माणसं सुखरूप खाली उतरेपर्यंत तर मला रजासुद्धा मिळणार नाही. तो म्हणाला, "आणि उतरल्यावर?" उतरल्यावर मिळेल, मी म्हणाले. त्यानं मान हलवली, जणू काही ठरलं.

१ जून

मंडळ हेलिकॉप्टरनं आलं. पाच जण, आणि कोन्स्तान्तिन आल्बेर्तोविच. सभागृहात शिरले आणि फरशीकडे बघत उभे राहिले. मंडळाच्या प्रमुखांनी तपकिरी अर्ध्याकडे बोट दाखवून विचारलं, हा रंग कसला?

"ऊन," मी म्हणाले.

"आणि ही भोकं?"

"वारा."

"आणि हा कोंबडा?"

कोन्स्तान्तिन आल्बेर्तोविच खाली वाकून कापडाचा वास घेत होते. ते उठले, गुडघे झटकले आणि म्हणाले, "आमच्या आईकडेही असलं ऊन होतं. कांद्याचं. रंग पक्का बसतो. सद्गृहस्थहो, कोंबड्याचं नंतर बघू, आधी ही कड बघा." आणि माझी पट्टी भिंगाखाली ठेवली.

तासभर तिच्यावर सगळे वाकलेले. शेवटी प्रमुखांनी चष्मा काढला आणि म्हणाले की तारीख पुढे ढकलावी लागेल, आणि हे वर कोण सांगणार. कोन्स्तान्तिन आल्बेर्तोविच म्हणाले, मी सांगतो, सवय आहे.

निघताना मावशींनी मंडळासाठी भाकरी बांधून दिली, पण पहिला डबा माझ्या हातात ठेवला. पंखा फिरायला लागला तेव्हा सगळं गाव उभं होतं, आणि प्रत्येक बाईच्या अंगात जुना, विटका, स्वतःचा कपडा. मी खिडकीतून हात हलवत राहिले. येगोर लुकिच दिसला नाही. कुठल्या तरी शेतात असेल.

११ जुलै, मॉस्को

दोरीच्या वाटेवर कापडी म्यान घातलं. तीन वेळा टाकून बघितलं, एकही मणी नाही. चौथ्यांदा बघायचंय.

काल पलिनोव्काहून फोन. येगोर लुकिच. तार खरखरत होती, तरी तो गव्हाबद्दल बोलत राहिला. ओंबी भरली, पाऊस वेळेवर झाला. मला हे सगळं का सांगतो कळत नाही, पण त्याच्या खुंट्यांच्या आतला, आडवा झालेला गहूसुद्धा उठून उभा राहिला हे ऐकून बरं वाटलं. फोन ठेवल्यावर बाजूच्या टेबलावरची मुलगी म्हणाली, तुम्ही हसताय. मी म्हटलं, गहू उठला.

२ सप्टेंबर

कोन्स्तान्तिन आल्बेर्तोविचनी गोदामातून नाकारलेल्या कापडाचे तागे पलिनोव्काच्या सभागृहाला "पडद्यांसाठी" पाठवायची परवानगी मिळवली. केवढे ते पडदे लागणार आहेत, असं लेखनिकानं विचारलं. ते म्हणाले, त्या सभागृहाला खिडक्या फार.

२६ सप्टेंबर

आज ते आकाशात आहेत. माझ्याकडे करण्यासारखं काही नाही. शिवण खोलीत सगळ्या यंत्रांवर बसून आहेत आणि एकही यंत्र चालत नाही.

२७ सप्टेंबर

दुपारी कोन्स्तान्तिन आल्बेर्तोविच शिवण खोलीत आले. इतकी वर्षं मी त्यांना कोटाशिवाय पाहिलेलं नाही. आज सदऱ्यात होते आणि धावत आले होते. दारात थांबले, दम घेतला आणि म्हणाले, "उघडली."

कुणीतरी विचारलं, आणि माणसं?

"बाहेर उभी आहेत. एकानं सिगारेट मागितली म्हणे."

मग काय झालं ते नीट आठवत नाही. कुणी कुणाला मिठ्या मारल्या कुणास ठाऊक, माझ्या खांद्यावर तीन वेगवेगळ्या बायकांची लाली लागलेली आहे. मी एकटीच मागच्या जिन्यावर जाऊन बसले. त्या माणसाचा हात आठवला. टिकेल, असं मी म्हणाले होते, आणि तेव्हा ते खरं नव्हतं. आता आहे.

संध्याकाळी रजा मागितली. कोन्स्तान्तिन आल्बेर्तोविचनी कुठे म्हणून विचारलं नाही. म्हणाले, तिकडे रात्री गार होतं, गरम काहीतरी घ्या.

१ ऑक्टोबर, पलिनोव्का

कुणाला कळवलं नव्हतं. कुणाला कळवणार, आणि काय म्हणून? गाडीत वाटभर मी स्वतःला सांगत होते की मावशींना भेटायला चालले आहे. त्यात खोटं काहीच नव्हतं, म्हणून ते सारखं सांगावं का लागतंय याचं नवल वाटत होतं.

स्टेशन पलिनोव्कापासून लांब, माळावर एकटंच. मी एकटीच उतरले. फलाटावर एक माणूस उभा होता, इस्त्रीचा सदरा, केस पाण्यानं बसवलेले, हातात टोपी. मोटरसायकल कुंपणाला टेकवलेली.

मी बॅग खाली ठेवली. काहीतरी बोलायला हवं म्हणून विचारलं, "तुम्हाला कसं कळलं मी या गाडीनं येणार?"

"नाही कळलं," येगोर म्हणाला. "रेडिओवर सांगितलं ते उतरले. तेव्हापासून रोज येतोय."

मी मूर्ख नाही. मला फक्त वेळ लागतो.